सगळे आत आलात ना?

'पैलतारा'चा नववा भाग येतोय, ही बातमी वनटेक ताईला भाचीनं फोन करून सांगितली आणि त्याच दमात विचारलं, "मावशी, तुला बोलावलं का गं रेकॉर्डिंगला?"

"बोलावतील," ताई म्हणाली.

"काय? हॅलो? मावशी, तुझ्याकडे रेंज नाहीये वाटतं. नंतर करते हं." आणि फोन बंद.

रेंज चांगली ठणठणीत होती. आवाज ताईचा गेला होता. दोन वर्षांपूर्वी घशात गाठ आली, ऑपरेशन झालं, गाठ साधी निघाली म्हणून सगळ्यांनी हुश्श केलं, आणि मागे उरला तो हा घोगरा, फाटका, जेमतेम हातभर पोचणारा आवाज. भाचीला हे माहीत नव्हतं असं नाही. थोरल्या बहिणीची एकुलती एक पोर ती, दवाखान्यात येऊन उशाशी बसून गेली होती. पण नवी नोकरी, दुसरं शहर, सतरा भानगडी. किती म्हणून ध्यानात ठेवणार बिचारी?

आता 'पैलतारा' म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांना आधी सांगून टाकायला हवं, नाहीतर पुढे सगळं डोक्यावरून जाईल. हे बाहेर बनलेले आणि आपल्या भाषेत आणलेले अंतराळातले सिनेमे. एक लहानसं जहाज वाट चुकतं आणि आठ भाग झाले तरी घरी परतायचा प्रयत्न करत असतं, एवढीच गोष्ट. ताफ्यात सगळ्यात लहान, म्हणून जहाजाचं नाव 'धाकटी'. त्यात एक कॅप्टन आहे, एक तोंडाळ इंजिनिअर आहे, आणि कुणाचं म्हणजे कुणाचं न ऐकणारी एक डॉक्टरीण आहे. या सगळ्यांशी जहाज स्वतः बोलतं, बाईच्या आवाजात. तो आवाज ताईचा.

त्यात काय मोठंसं, असं म्हणाल. जरा दम धरा.

ताई तेव्हा तिशीत होती. डबिंगच्या स्टुडिओत तिच्या वाट्याला यायचं ते फुटकळ काम: गर्दीतल्या किंकाळ्या, नर्स, शेजारीण, फार तर 'आपण रांगेत आहात, कृपया प्रतीक्षा करा' म्हणणारी फोनवरची बाई. पहिल्याच टेकला काम उरकायची म्हणून नाव पडलं वनटेक. जहाजाचं काम तिला मिळालं तेही दुसऱ्या कुणाला नको होतं म्हणून. पडद्यावर ना चेहरा ना ओठ, नुसता एक निळा दिवा. नावाजलेल्या नट्यांना त्यात काय गोडी?

पहिल्याच दिवशी स्टँडवर कागद लावलेला होता आणि त्यावर लिहिलं होतं: 'प्रवेशद्वार बंद करण्यात येत आहे. सर्व कर्मचारी उपस्थित असल्याची खात्री करावी.' ताईनं ते वाचलं आणि तिचं डोकंच फिरलं.

"असं कोण बोलतं रे घरात?" ती काचेपलीकडच्या रेकॉर्डिस्टला म्हणाली. त्याला ती कानसेन म्हणायची. पोटात गुडगुडलं तरी त्याला हेडफोनमधून कळायचं, असा त्याचा कान.

"जहाज आहे ते, घर नाही," कानसेन म्हणाला.

"वर्षानुवर्षं राहतायत ना त्यात? मग घरच झालं की." आणि कुणाला काही न विचारता तिनं माइकसमोर म्हटलं, "दार लावते हं. सगळे आत आलात ना?"

हे तिच्या आईचं बोलणं होतं. दिवेलागण झाली की आई कडीवर हात ठेवून उभी राहायची आणि घरभर ऐकू जाईल असं विचारायची. माजघरातून, मोरीतून, माळ्यावरून जो तो 'हो' म्हणायचा. सगळ्यांचं 'हो' आल्याशिवाय ती कडी लावत नसे. एकदा वडील रुसून बसले आणि 'हो' म्हणेनात, तर बाई तशीच उभी राहिली दारात, शेवटी त्यांनीच हात टेकले.

तशीच ताईही माइकसमोर वाक्य म्हणून झाल्यावर गप्प उभी राहिली. काचेपलीकडून कानसेन म्हणाला, "अगं, पुढचं घे की. 'निघूया' म्हण."

"थांब रे. उत्तर तर येऊ दे."

स्टुडिओत जे हसू फुटलं म्हणता! पण कानसेननं ती थांबलेली जागा कापली नाही. पडद्यावर तेवढ्यात माणसं पट्टे बांधत होती, जागा नेमकी बसत होती. ताईनं मनातल्या मनात सगळ्यांची उत्तरं येऊ दिली आणि मग म्हटलं, "निघूया."

आणि काय सांगावं, सिनेमा लागला तेव्हा त्या जागी थिएटरातून कुणीतरी गंमत म्हणून ओरडलं, "होऽऽ!" दुसऱ्या भागाला पाच-पन्नास लोक ओरडले. तिसऱ्या भागापासून तर अख्खं थिएटर. प्रथाच पडली. धाकटीनं विचारायचं, लोकांनी एका सुरात 'होऽऽ' करायचं, आणि मग धाकटीनं म्हणायचं 'निघूया'. जणू त्यांचं ऐकून घेतल्याशिवाय ती निघतच नव्हती. प्रत्येक भागाला पहिल्या दिवशी दुपारच्या खेळाला ताई मागच्या रांगेत तिकीट काढून बसायची. शेजारी बसलेल्याला पत्ता नसायचा की जहाज आपल्या बाजूला बसून शेंगदाणे खातंय. तो 'होऽऽ' अंगावर घ्यायचा आणि गुपचूप घरी यायचं. तिला दुसरं काही नको असायचं.

आई गेली. थोरली बहीणही गेली. ताईनं लग्न केलं नव्हतं. का केलं नाही, ते विचारणारीही माणसं आता उरली नव्हती. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ती एकटी. आवाज होता तोवर एकटेपणाला फावलं नाही, कारण दिवसभर स्टुडिओत दहा बायकांच्या तोंडून बोलून बोलून घरी आल्यावर गप्प बसणंच बरं वाटायचं. आता तसं नव्हतं. भाजीवाली म्हणायची, "मोठ्यांदा बोला की ओ." बँकेतला माणूस फोनवर "हॅलो हॅलो" करून ठेवून द्यायचा. हळूहळू ताईनं बोलणंच कमी केलं. कधीकधी संध्याकाळी लिफ्टमध्ये कुणी "कितवा मजला?" विचारलं आणि तिनं "तिसरा" म्हटलं की लक्षात यायचं, अरे, आज दिवसभरात हा पहिलाच शब्द.

एकदा गॅसच्या तक्रारीसाठी फोन लावला तर पलीकडून तिचाच जुना आवाज: 'आपण रांगेत आहात, कृपया प्रतीक्षा करा.' ठसठशीत, खणखणीत आवाज. तक्रार नोंदवून झाली तरी ताईनं पुन्हा फोन लावला. रांगेत बराच वेळ उभी राहिली. रडू आलं, मग स्वतःचंच हसू आलं, आणि कुणी उचलायच्या आत तिनं फोन ठेवून दिला.

असो. तर नववा भाग येणार, आणि ताईला काही बोलावणं आलं नाही. शेवटी तिनंच कानसेनला फोन केला. त्याचा कान अजून शाबूत होता, तिचं बोलणं त्याला कळायचं.

"अगं, या भागात जहाज बोलतच नाही," कानसेन म्हणाला.

"बोलत नाही म्हणजे?"

"कथाच तशी आहे. जहाजाची वाचा जाते वगैरे. मी तुला कळवणारच होतो." आणि मग गडबडीनं म्हणाला, "काळजी घे गं," आणि ठेवला.

ताईला वाईट वाटलं, पण एका परीनं बरंही वाटलं. आपला आवाज गेला आणि तिकडे धाकटीचीही वाचा गेली. जोडीनं गेलो म्हणायचं. आणि तेव्हापासून तिच्या मनात एकच गोष्ट घर करून बसली: लोकांना चुकल्यासारखं वाटेल का? दार लागेल, कुणी काही विचारणार नाही, मग थिएटरातलं एक तरी माणूस म्हणेल का, 'अरे, धाकटी का बोलत नाही?' एक माणूस पुरे होतं. सगळ्या जगानं रडावं असली हौस नव्हती तिला. पण एकालाही काही वाटलं नाही, तर मग आपण इतकी वर्षं त्या काचेच्या खोलीत कुणासाठी थांबत होतो, असा प्रश्न पडला असता, आणि त्या प्रश्नाची तिला भीती वाटत होती.

पहिला दिवस, दुपारचा खेळ, मागची रांग. थिएटर गच्च. कुणी निळे टी-शर्ट घातलेले, कुणी आपल्या पोरांना खांद्यावर घेतलेलं. दिवे मालवले. कॅप्टन म्हातारा झालेला दिसला तशी पुढच्या रांगेतून एक "अरेरे" आणि मागच्या रांगेतून एक शिट्टी, दोन्ही एकदमच आलं. धाकटीला नवा चकचकीत रंग दिला होता, त्यावरूनही कुजबूज झाली. माणसं धावत जहाजात शिरली. ताईनं खुर्चीचा हात घट्ट धरला. आता ती शांतता येणार, आणि त्या शांततेत कोण काय म्हणतं ते ती कान देऊन ऐकणार होती.

"दार लावते हं."

तो तिचा आवाज होता. तिच्यासारखा नव्हे हो, तिचाच! तिशीतला, 'हं'वर किंचित खाली येणारा. जे शब्द तिनं या सिनेमासाठी कधी उच्चारलेच नव्हते ते तिच्या तोंडून येत होते. "सगळे आत आलात ना?" आणि अख्खं थिएटर एका सुरात ओरडलं, "होऽऽ!" पण त्या 'हो'ला पुरतं तोंड फुटलं नाही तोच वरून आलं, "निघूया." इंजिनं धडाडली. लोकांचा 'हो' त्या धडधडाटात चेपून गेला. लोक हसले, टाळ्या पिटल्या, पुढे बघू लागले.

"थांब ना गं जरा," ताईच्या तोंडून निघून गेलं. शेजारच्यालाही ऐकू गेलं नाही.

मध्यंतरात ती बाहेर पॅसेजमध्ये आली आणि भिंतीकडे तोंड करून तिनं कानसेनला फोन लावला. उचलल्या उचलल्या तो म्हणाला, "बघितलास."

"खोटं बोललास माझ्याशी."

"हो. शरमेनं बोललो. तुझे जुने आठही भाग मशीनला ऐकवले. त्यावरून ते हवं ते बोलतं, तुझ्या आवाजात. नवी पोरं आली आहेत, त्यांचं ते काम. मी आपला शेजारी बसून मान डोलावत होतो. तुला काय तोंडानं सांगणार होतो? तुला बोलायला जमत नाही, आणि तुझा आवाज मात्र इकडे कामाला येतोय, असं?"

"'ना'नंतरची जागा कुठे गेली?"

"कुठली जागा?"

"मी थांबायचे ती."

पलीकडे कानसेननं श्वास घेतलेला तिला ऐकू आला. "अगं... मशीनला ऐकवायच्या आधी सगळी रेकॉर्डिंगं साफ करतात. बोलणं तेवढं ठेवायचं, मधल्या रिकाम्या जागा काढून टाकायच्या. त्या पोरांच्या हिशेबी तिथे काहीच नव्हतं." मग पडेल आवाजात म्हणाला, "शप्पथ सांगतो, माझ्याही लक्षात आलं नाही."

त्याच्यावर चिडावं तर कसं? ती चिडली नाही असं नाही. चांगली संतापली होती. पण या घशातून संताप बाहेर काढायचा म्हणजे फुटक्या पिपाणीतून सनईचे सूर काढण्यातला प्रकार. तिनं फोन ठेवला आणि आत जाऊन उरलेला सिनेमा बघितला.

सिनेमाच्या शेवटी धाकटी एकदाची घरी पोचते. पण घरी सगळी नवी माणसं असतात, या लोकांना कुणीच ओळखत नाही. कॅप्टन आपलं नाव सांगतो आणि दारातली मुलगी म्हणते, "कोण हवंय आपल्याला?" तिथेच संपतो. दिवे लागले तेव्हा निम्मं थिएटर टाळ्या वाजवत होतं आणि निम्मं शिव्या घालत होतं.

जिन्यात ताईच्या फोनवर भाचीचा निरोप वाजला. तिनंही आपल्या गावात पहिलाच खेळ बघितला होता. "मावशी! लब्बाड! काम केलंस आणि मला सांगितलंही नाहीस? पिक्चर एकदम भंगार गं, शेवट तर डोक्यात गेला माझ्या. पण तू! तू म्हणजे अगदी तश्शीच! कधी केलंस, ऑपरेशनच्या आधी? मी केवढ्यानं 'हो' म्हटलं माहितीये?"

लहानपणी ही पोर तिच्या मांडीवर बसून हट्ट करायची, 'मावशी, जहाज हो ना.' मावशी जहाज व्हायची, दार लावायची आणि ही चिमुरडी 'हो' म्हणेपर्यंत थांबायची. मुद्दाम 'हो' म्हणायची नाही कारटी, बघत बसायची मावशी किती वेळ थांबते ते. आज धाकटी थांबलीच नाही, हे तिलाही कळलं नाही. ताईनं बराच विचार करून उत्तरात लिहिलं, 'आवडलं ना? झालं तर मग.' आणि ती खाली उतरली.

थिएटरसमोर चहाचं एक मोठं दुकान होतं. 'धाकटीची माणसं' म्हणवणारा एक कंपू दर भागाच्या पहिल्या दिवशी तिथे टेबलं जोडून बसायचा, हे ताईला ठाऊक होतं. इतक्या वर्षांत ती कधी आत गेली नव्हती. आज गेली. त्यांच्या पाठीमागच्या टेबलावर बसली आणि बोट दाखवून चहा मागवला.

तिथे नुसता कलकलाट चालला होता. एक दाढीवाला टेबलावर मूठ आपटून सांगत होता, "फसवणूक आहे ही, सरळसरळ फसवणूक! आठ भाग आपण कशासाठी झुरलो? घरी जायचं म्हणून. आणि घरी नेऊन दाराबाहेर उभं करतात?"

"मग काय आरती ओवाळायला हवी होती?" दातांच्या डॉक्टर असलेल्या एक बाई फणकारल्या. कंपूत त्यांना सगळे दातबाई म्हणत होते. "इतक्या वर्षांनी कोण कुणाला ओळखतं? उलट पहिल्यांदाच खरं बोललेत. मी तर रडले."

"तुम्ही जाहिराती बघूनही रडता."

"आणि तुम्ही आठवा भाग आल्यावरही हेच म्हणाला होतात, फसवणूक, फसवणूक. आता तोच तुमचा लाडका झालाय!"

कुणी म्हणालं कॅप्टनला म्हातारा करायला नको होता. कुणी म्हणालं, तो म्हातारा होणार नाही तर काय लोणच्यात घालून ठेवणार? रंगावरून भांडण, इंजिनिअरच्या मरणावरून भांडण, गाण्यावरून भांडण. एकाचं एकाशी पटेल तर शपथ. एक जण तर तावातावानं उठला आणि शर्टाचा निळा बिल्ला काढून टेबलावर आपटून म्हणाला, "माझ्यापुरता 'पैलतारा' संपला." मग चहा आला म्हणून परत बसला.

शेवटी दातबाई म्हणाल्या, "बरं बाबांनो, एका गोष्टीवर तरी एकमत होऊ दे. आवाज?"

"आवाज! आवाजाबद्दल प्रश्नच नाही," दाढीवाला चटकन विरघळला. "सगळं बदललं, पण धाकटी बदलली नाही. ती बोलली आणि मला घरी आल्यासारखं वाटलं."

"कोण बाई आहे कोण जाणे, पण तिला दंडवत," आणखी कुणी म्हणालं. सगळ्यांनी चहाचे कप उचलले. "धाकटीला!"

पाठीमागे ताईनंही कप उचलला होता, तो तिनं खाली ठेवला. जे ऐकायला आयुष्यभर कान आसुसले होते ते आज तिच्यापासून हातभरावर चाललं होतं, आणि त्यातलं काही म्हणजे काही तिचं नव्हतं. आपण सिनेमा न बघता घरी बसलो असतो तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. इतकं एकटं तिला आई गेली त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

"काका, तुम्ही गप्प का?" दातबाईंनी विचारलं. "आमचे व्हॅनकाका आज बोलेनात."

टेबलाच्या टोकाला साठीचा, रुंद खांद्यांचा माणूस बसला होता. शाळेच्या पोरांची व्हॅन चालवायचा. इतका वेळ तो बिस्किटाच्या कागदाची घडी घालत बसला होता.

"मला नाही जमलं यंदा," तो म्हणाला.

"शेवट?"

"शेवट ठीक होता. ते आपलं... ती बोलली ना, दार लावताना." त्यानं कागद उलगडला. "मला नीट सांगता येत नाही. आपलं 'हो' तिनं ऐकूनच घेतलं नाही."

टेबलाभोवती हास्याचा स्फोट झाला. "अहो काका, पडदा आहे तो! तो काय ऐकणार?"

"पूर्वी ऐकायची," व्हॅनकाका म्हणाला. लोक आणखी हसले, मग तोही ओशाळून हसला, आणि भांडण परत रंगावर गेलं.

ताईचा हात कपावर तसाच राहिला.

हळूहळू कंपू पांगला. भांडत भांडतच गेले, दाढीवाला आणि दातबाई तर रस्ता ओलांडतानाही हातवारे करत होते. आज व्हॅनकाकाला घाई नव्हती, शाळांना सुट्टी होती. तो आपला उरलेला चहा फुंकत बसला. ताई उठली आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"बसू का?"

त्याला ऐकू गेलं नाही. पण तो "काय?" म्हणाला नाही की "मोठ्यांदा बोला" म्हणाला नाही. टेबलावरून पुढे वाकून त्यानं कान जवळ आणला. तिनं पुन्हा विचारलं.

"बसा की, ताई. तुम्हीही पिक्चरलाच?"

"हो. तुमचं बोलणं ऐकलं मागून. ती ऐकून घेत नाही म्हणालात."

"जाऊ द्या हो. हसले सगळे." तो लाजला. "माझं काय होतं सांगू का, मी ते वाक्य रोज म्हणतो. पोरं व्हॅनमध्ये चढली की दारावर हात ठेवायचा आणि विचारायचं, सगळे आत आलात ना? पोरं ओरडतात. एखादं झोपाळू असतं, एखादं रुसलेलं असतं. त्याचंही 'हो' येईपर्यंत मी दार सरकवत नाही. एकदा एक पोरगी खाली बुटाची नाडी बांधत राहिली होती, थांबलो म्हणून कळलं. हे मला धाकटीनं शिकवलं. आणि आज तीच अशी घाईत! आम्ही आत आलो की नाही, तिला काही पडलेलंच नाही. दुसरीच कुणीतरी वाटली मला. आवाज तोच, मान्य आहे. पण दुसरीच."

एक माणूस पुरे, असं म्हणून ती आली होती, आणि तो एक माणूस समोर बसून बशीत सांडलेला चहा पुसत होता. 'ती मी' हे दोन शब्द अगदी जिभेवर आले. पण या आवाजात ते सांगितलं तर तो काय म्हणणार? फार तर दया येईल त्याला.

"पूर्वी कशी म्हणायची ती?" तिनं विचारलं.

"छे, मला नाही जमत तसं."

"मग मी म्हणून बघू?"

"म्हणा की," तो हसून म्हणाला.

ताईनं हात टेबलाच्या कडेवर ठेवला, कडीवर ठेवतात तसा. "दार लावते हं," ती म्हणाली. काय तो आवाज! खरखरीत, मध्येच हवा निघून जाणारा. "सगळे आत आलात ना?"

आणि थांबली.

दुकानात कपबशा वाजत होत्या, कुणीतरी खुर्ची ओढली. व्हॅनकाका आधी नुसता हसत होता. मग त्याचं हसू हळूहळू उतरलं आणि तो अगदी सावरून बसला.

"हो," तो म्हणाला.

"निघूया," ताई म्हणाली.

व्हॅनकाकानं मान हलवली. "आवाज काही जमला नाही हो ताई तुम्हाला. राग मानू नका. पण थांबलात मात्र बरोबर. अगदी तेवढंच थांबायची ती."

ताई हसली. डोळ्यांतून पाणी आलं ते तिनं पदरानं पुसलं आणि खोकल्याचं निमित्त केलं. त्यानं पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. कुठे राहता विचारलं, आणि ते वाटेवरच आहे, सोडतो चला, म्हणाला.

व्हॅन कोपऱ्यावर उभी होती. ताई मागच्या बाकावर बसली. पोरांचा बाक, गुडघे पोटाशी येत होते. खिडकीच्या काचेवर कुणीतरी बोटानं मांजर काढलेलं होतं. व्हॅनकाकानं दारावर हात ठेवला आणि सवयीनं, आत एकच बाई आहे हे विसरून, विचारलं, "सगळे आत आलात ना?"

"हो," ताई म्हणाली.

रस्त्यावरून ट्रक जात होता. त्याला ऐकू गेलं नाही. पण त्यानं दार सरकवलं नाही. तो तसाच उभा राहिला, दारावर हात ठेवून, किंचित वाकून, आत बघत. ट्रक गेला, त्यामागून मोटारी गेल्या. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला, तरी त्याचा हात हलला नाही.

ताईनं सगळा दम गोळा केला.

"हो रे बाबा," ती म्हणाली, "आले आत."

मग त्यानं दार लावलं.